साइटला डीडॉस-संरक्षण लागेल का, हे कसं ठरवावं

छोट्या-मध्यम वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. डीडॉस म्हणजे, बहुधा अनेक यंत्रांवरून, खोट्या विनंत्यांचा लोंढा सोडून साइट बंद पाडणं. त्यापासून संरक्षण घ्यावं का, असं विचारायला आलेला माणूस बहुतेक वेळा पुढचं वाक्यही लगेच बोलतो: "पण आमच्यावर कोण कशाला हल्ला करेल?" आणि बोलणं तिथेच अडतं, कारण ह्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. नाराज ग्राहक, परीक्षा पुढे जावी असं वाटणारा विद्यार्थी, ऑनलाइन खेळात हरलेला मुलगा, कुणीही असू शकतो. हल्ला भाड्याने मिळतो. एप्रिल 2018 मध्ये पोलिसांनी बंद पाडलेल्या वेबस्ट्रेसर ह्या एका साइटवरच 1,36,000 हून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते होते. त्यांना नेटवर्किंग यायची गरज नव्हती. पैसे भरायचे, पत्ता टाकायचा, बटण दाबायचं.

म्हणून मी तो प्रश्न बाजूला ठेवते आणि दोन गोष्टी शोधून काढायला सांगते. साइट बंद पडली तर नक्की काय अडेल? आणि ती पडत असताना तुमचा होस्ट, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे ती कंपनी, काय करेल? दुसऱ्याचं उत्तर हातात नसताना कुठलंही पॅकेज विकत घेऊ नका.

सहा तास बंद राहिली तर

कागद घ्या आणि वर्षातला सगळ्यात अडचणीचा दिवस निवडा: अर्ज भरायची शेवटची तारीख, निकाल, मोठी विक्री. त्या दिवशी साइट सहा तास बंद आहे असं धरा आणि कुणाचं काय अडेल ते लिहा. नेहमीचा दिवस धरू नका. ज्याला तुम्हाला त्रास द्यायचाय, तो नेहमीचा दिवस कशाला निवडेल?

साइटवर माहिती, फोटो आणि पत्ता एवढंच असेल तर कागद जवळजवळ कोरा राहील. उत्तमच. पण साइटच्या आडून काय काय चालतं तेही तपासा. मोबाइल ॲप त्याच सर्व्हरशी बोलतं का? पैसे भरल्याची सूचना त्याच पत्त्यावर येते का? आणि मेल? साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, वेबसाइट आणि मेलबॉक्स बहुधा एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर) असतात. तो पत्ता बंद केला की मेलही थांबतो. ओळखीच्या एका संस्थेत असंच झालं. साइट पडल्याचं कुणाला फारसं वाटलं नव्हतं, पण दिवसभर एकही मेल येईना. होस्टने मेलवर साधा प्रश्न विचारला होता, "नवा आयपी देऊ का?", आणि तो मेल ज्या मेलबॉक्समध्ये यायचा होता तोच बंद होता. त्यांना संरक्षणाच्या पॅकेजची गरज नव्हतीच. मेल दुसरीकडे हलवायची होती.

होस्टला विचारायचा प्रश्न

हल्ल्यात नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे होस्टच्या उत्तराचा अर्थ लागेल. तुमच्या सर्व्हरला सेकंदाला 1 गिगाबिट डेटा वाहणारी जोडणी आहे आणि तिच्यावर 10 गिगाबिटचा लोंढा आला, तर सर्व्हरवरच्या फायरवॉलचा (नको ते अडवणाऱ्या गाळणीचा) काहीही उपयोग नाही. पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, फायरवॉलपर्यंत पोहोचण्याआधीच वाट भरलेली असते. मग होस्ट वरच्या नेटवर्कला सांगतो की ह्या आयपीकडे जाणारं सगळं टाकून द्या. ह्याला ब्लॅकहोल किंवा नल रूट म्हणतात. हल्ला थांबतो, आणि तुमची साइटही जगाच्या दृष्टीने नाहीशी होते. होस्टच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण त्याच वाटेवर इतर शेकडो ग्राहक असतात. होस्ट त्याचं नेटवर्क वाचवतो. तुमची साइट वाचवायचं त्याने कबूल केलंय की नाही, हे तुम्हाला आधी कळायला हवं.

शेअर्ड होस्टिंगवर तर तुमच्यावर हल्ला व्हायचीही गरज नाही. त्याच आयपीवरच्या दुसऱ्या कुठल्या तरी साइटवर राग काढला गेला, तरी सुक्याबरोबर ओलंही जळतं.

तेव्हा होस्टला लेखी विचारा. मी साधारण असं लिहिते: "माझ्या आयपीवर 10 गिगाबिटचा हल्ला आला तर तुम्ही ट्रॅफिक गाळता की पत्ता ब्लॅकहोल करता? ब्लॅकहोल केलात तर किती वेळ? तो आपोआप निघतो की मला तिकीट टाकावं लागतं? हल्ल्याच्या ट्रॅफिकचं बिल मला लागतं का? असं पुन्हा झालं तर खातं बंद करता का?"

"आमच्याकडे फायरवॉल आहे" असं उत्तर आलं तर प्रश्नच समजलेला नाही. "ब्लॅकहोल करतो, 24 तासांनी काढतो" हे मात्र माझ्या मते चांगलं उत्तर आहे, कारण ते खरं आहे आणि त्यावर हिशेब मांडता येतो: कागदावरचे सहा तास खोडून चोवीस लिहा आणि पुन्हा वाचा. काही होस्ट गाळणी मुळातच देतात. ओव्हीएच आणि हेट्झनर ह्या होस्टिंग कंपन्यांच्या सर्व्हरबरोबर ती येते, आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवर शील्ड स्टँडर्ड हे संरक्षण वेगळे पैसे न घेता लागू असतं. पण ही गाळणी नेटवर्कच्या थरावरची असते, म्हणजे निरर्थक पॅकेटचा पूर अडवते. अगदी नीटनेटक्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेब-विनंत्या तिच्यातून सरळ पार होतात.

छोट्या साइट बहुधा इथे मोडतात

बातम्यांत टेराबिटचे आकडे येतात. फेब्रुवारी 2018 मध्ये गिटहब ह्या, प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर 1.35 टेराबिट प्रतिसेकंदाचा हल्ला झाला होता. उघड्यावर राहिलेल्या मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवून पटकन देणाऱ्या) सर्व्हरकडून तो मोठा करून घेतला होता. पण छोटी साइट पाडायला एवढं काही लागत नाही. हिशेब करून बघा. सर्व्हरवर पीएचपीचे 20 वर्कर, म्हणजे एका वेळी एकेक पान बनवणारे प्रोग्राम, आहेत आणि एक पान बनवायला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला 40 पानं, त्यापुढे रांग. सेकंदाला शंभर विनंत्या एका साध्या लॅपटॉपवरूनही पाठवता येतात. त्यांचं आकारमान इतकं क्षुल्लक की होस्टच्या आलेखावर रेघ हलतसुद्धा नाही, आणि तुमच्या तक्रारीला "आमच्या बाजूने सगळं सुरळीत आहे" असं उत्तर येतं. ते खोटंही नसतं.

अशा वेळी ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांची नोंद, उघडा. शोधाच्या पानावर ओळीमागून ओळ विनंत्या दिसतात, आणि प्रत्येकीत शोधलेला शब्द वेगळा: कधी सात निरर्थक अक्षरं, कधी नऊ. शब्द दर वेळी नवा असल्यामुळे कॅशिंग, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून तेच पुन्हा देणं, कामी येत नाही आणि प्रत्येक विनंती डेटाबेसपर्यंत जाते. आता ह्या पत्त्यांनी आणखी काय मागितलं ते बघा. माणूस पान उघडतो तेव्हा ब्राउझर त्याच्यामागोमाग फोटो, फॉन्ट, सीएसएसच्या फायलीही मागतो. इथे त्यातलं काहीच नसतं, नुसतं शोधाचं पान, पुन्हा पुन्हा. खरी गर्दी आणि हल्ला ओळखायची ही माझी पहिली कसोटी. कुणीतरी लिंक शेअर केली म्हणून आलेली गर्दी एका पानावर येते, पण त्या पानाचं सगळं सामान घेऊन जाते.

मात्र सामान न घेणारा प्रत्येक जण हल्लेखोर नसतो. शोधयंत्रांचे आणि एआय कंपन्यांचे बॉटही असेच वागतात, आणि फिल्टर असलेल्या उत्पादन-यादीत शिरले तर हजारो पानं उकरत बसतात. ज्याला हल्ला समजून संरक्षण विकत घ्यायला निघालेले असतात, ते कित्येकदा एवढंच असतं.

ह्या जातीच्या त्रासावर पैसे खर्च करण्याआधी घरची कामं करा. लॉगिन न केलेल्यांना पानं कॅशेतून द्या. शोध आणि लॉगिनच्या पानांवर एका आयपीकडून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या ह्याची मर्यादा घाला. वर्डप्रेसमध्ये एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲपना साइटशी बोलू देणारी सोय) वापरत नसाल तर बंद करा. अपाचे हा वेब-सर्व्हर प्रोग्राम उघड्यावर असेल तर त्याच्या पुढे एनजिनेक्स हा दुसरा तसाच प्रोग्राम ठेवा; 2009 पासून माहीत असलेला स्लोलोरिस हा हल्ला अर्धवट विनंत्या पाठवून जोडण्या अडवून धरतो, आणि जुन्या पद्धतीने चालणारा अपाचे त्याला फार लवकर बळी पडतो. मग आपल्याच चाचणी-सर्व्हरवर भार टाकून मोजा, पण होस्टला आधी कळवा, नाहीतर तुमची चाचणीच हल्ला समजून तुम्हाला ब्लॅकहोल करतील.

आता ठरवा

कागद कोरा असेल आणि मेल वेगळीकडे असेल, तर काही घेऊ नका. साइटची एक स्थिर प्रत दुसरीकडे तयार ठेवली की पुरे.

कागदावर काही अडणारं आहे आणि होस्ट ब्लॅकहोल करतो, तर साइटपुढे प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन गाळणारी मधली सेवा, घ्या. बहुतेकांना फुकटचं पॅकेज पुरतं. अशी सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर 2017 पासून हल्ल्याच्या आकारावर पैसे लावणं बंद केलं, फुकटच्या खात्यांनाही. पण इथे लोक अर्ध्यावर थांबतात, आणि माझा सगळा आग्रह ह्याच ठिकाणी आहे. प्रॉक्सी लावल्यावर मूळ सर्व्हरचा आयपी बदलून घ्या, कारण जुना पत्ता डीएनएसच्या (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेच्या) इतिहासात कुणालाही सापडतो. मेल आणि एफटीपीचे (फायली चढवायच्या सोयीचे) सबडोमेन अजून त्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असतील तर पत्ता पुन्हा उघडा पडला. संपर्काच्या फॉर्मवरून जाणाऱ्या मेलच्या हेडरमध्येही (मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदीतही) तो असू शकतो. स्वतःला एक मेल पाठवा आणि हेडर वाचा. शेवटी फायरवॉलमध्ये वेबसाठी फक्त प्रॉक्सीचेच पत्ते आत येऊ द्या. ह्यातलं एक राहिलं तरी हल्लेखोर प्रॉक्सीला वळसा घालून थेट मागच्या दाराने येतो.

प्रॉक्सीची किंमतही लक्षात घ्या. एनक्रिप्शन तिच्यापाशी उघडतं, म्हणजे पासवर्ड आणि फॉर्ममधला मजकूर त्या कंपनीच्या यंत्रातून जातो. रुग्णांची किंवा तशीच नाजूक माहिती हाताळत असाल तर हा निर्णय एकट्या तांत्रिक माणसावर सोडू नका. शिवाय "तुम्ही माणूस आहात का" ही तपासणी मोबाइल ॲपला आणि पेमेंटच्या सूचनांना पार करता येत नाही. त्या वाटा आधी वगळून ठेवा.

पैसे मोजून संरक्षण कुणी घ्यावं? ज्यांचा एक तास पॅकेजच्या हप्त्यापेक्षा महाग पडतो त्यांनी. गेम-सर्व्हर किंवा व्हॉइससारखी यूडीपीवर (डेटा झटपट पाठवायच्या एका पद्धतीवर) चालणारी सेवा असेल त्यांनी, कारण वेबची प्रॉक्सी तिथे चालतच नाही. विकणाऱ्याला विचारा की संरक्षण कायम चालू असतं की हल्ला झाल्यावर चालू करावं लागतं, बिल फक्त गाळून उरलेल्या खऱ्या ट्रॅफिकवर आहे ना, आणि मध्यरात्री फोन कोण उचलतं. आपोआप वाढणारा क्लाउड वापरत असाल तर वाढीला कमाल मर्यादा आणि खर्चाला इशारा लावा, नाहीतर साइट उभी राहते आणि हल्ला बिलात उतरतो.

वृत्तसाइट, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि निवडणुकांशी संबंधित साइट ह्यांच्यासाठी गूगलचं प्रोजेक्ट शील्ड विनामूल्य आहे. क्लाउडफ्लेअरचं प्रोजेक्ट गॅलिलिओही 2014 पासून अशाच कमकुवत पण महत्त्वाच्या आवाजांसाठी आहे. सप्टेंबर 2016 मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स ह्यांच्या साइटवर सुमारे 620 गिगाबिटचा हल्ला झाला. तिला विनामूल्य सांभाळणाऱ्या अकामाई ह्या कंपनीने तो पेलला, पण पुढे तो खर्च करणं शक्य नाही असं सांगितलं. साइट काही दिवस बंद राहिली आणि मग प्रोजेक्ट शील्डकडे गेली. तुम्ही ह्या गटात असाल तर अर्ज आजच करा, हल्ला झाल्यावर नाही.

"पैसे द्या, नाहीतर हल्ला करू" असा धमकीचा मेल आला तर पैसे देऊ नका. 2016 मध्ये आर्माडा कलेक्टिव्ह ह्या खंडणीखोर टोळीच्या नावाने आलेल्या मेलांमागे एकही हल्ला झाला नाही, असं क्लाउडफ्लेअरने पाहणी करून सांगितलं होतं. तरी अशा मेलनंतर वरची सगळी कामं त्याच आठवड्यात उरका.

राहिलं डीएनएस. 21 ऑक्टोबर 2016 ला डाइन (Dyn) ह्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, स्पॉटिफाय, रेडिट ह्यांचे सर्व्हर धडधाकट होते. नुसती नावं उलगडत नव्हती, म्हणून त्या साइट लोकांपर्यंत पोहोचत नव्हत्या. होस्टिंगबरोबर आलेलं डीएनएस वापरत असाल तर ते वेगळ्या, मोठ्या पुरवठादाराकडे न्या. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर इतरांनी किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, 86,400 असेल तर 300 करा. पहिल्यात बदल पसरायला एक दिवस लागू शकतो, दुसऱ्यात पाच मिनिटं. 2018 च्या त्या हल्ल्यातून गिटहब दहा मिनिटांच्या आत सावरलं, कारण ट्रॅफिक दुसऱ्या वाटेने वळवायची सोय आधीच करून ठेवलेली होती.

डोमेनच्या खात्याचा, डीएनएसचा आणि होस्टचा पासवर्ड, होस्टचा फोन नंबर आणि त्यांचं ते लेखी उत्तर, हे सगळं त्या सर्व्हरवर आणि त्या मेलबॉक्समध्ये ठेवू नका. ह्या खात्यांना नोंदवलेला ईमेल पत्ताही दुसऱ्या डोमेनवरचा द्या. होस्ट बदललात, किंवा साइटवर पैसे भरायची नवी सोय आणलीत, की होस्टला तोच प्रश्न पुन्हा पाठवा.