गाडीशिवाय मुंबई: गोव्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबईला स्वतःची गाडी नेली की दोन दिवस तिच्या पार्किंगची काळजी करण्यातच जातात. त्यापेक्षा ती घरी ठेवा. मात्र गाडीविना जायचं तर आराखडा आधी हवा. गोव्यात आपण 'किती किलोमीटर' विचारतो, मुंबईत 'कुठलं स्टेशन, कुठली लाईन, ईस्ट की वेस्ट' हे विचारतात. या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

मुंबई दक्षिणोत्तर लांबट आहे आणि लोकलही तशाच धावतात. वेस्टर्न चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरारच्या पुढे जाते. सेंट्रल सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाते. हार्बर सीएसएमटीहून कुर्ला, वाशी, बेलापूर, पनवेलला. मुक्काम आणि काम एकाच लाईनवर असेल तर लांबचं अंतरही सोपं. पूर्व-पश्चिम आडवं जायचं असेल तर जवळचं अंतरही वेळखाऊ. म्हणून स्वस्त लॉज शोधताना भाड्याइतकंच स्टेशनपासूनचं चालणं बघा. दहा मिनिटांत पायी स्टेशन गाठता येईल, अशी जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी.

ईस्ट-वेस्ट हलक्यात घेऊ नका. रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे, आणि चुकीच्या बाजूला उतरून रिक्षा केली तर पूल गाठायला मोठा वळसा पडतो. पत्ता घेतानाच बाजू विचारून घ्या.

जायचं कसं, उतरायचं कुठे

पहिल्या खेपेला कोकणकन्या एक्सप्रेस घ्यावी, असं आमचं मत. संध्याकाळी मडगावहून सुटते, करमळी, थिवी, पेडणे घेते आणि पहाटे मुंबईत पोचवते. खरा फायदा या पहाटेचाच. सकाळी आठ ते अकरा लोकलमध्ये बॅग घेऊन शिरणं नवख्याचं काम नाही. सहाच्या सुमारास मात्र गाड्या बऱ्यापैकी मोकळ्या असतात. वंदे भारत आरामदायी आहे, पण दुपारी निघून रात्री दहानंतर सीएसएमटीला पोचते. स्टेशनवर घ्यायला कोणी येणार असेल तरच ती सोयीची. मांडवी एक्सप्रेसही रात्रीच पोचते.

सगळ्यांनी सीएसएमटीपर्यंत जायचं कारण नाही. वाशी, नेरूळ, बेलापूरला जायचं असेल तर पनवेलला उतरून हार्बर पकडा. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी ठाण्याला उतरून उलट दिशेची लोकल घ्यावी. सकाळची गर्दी समोरून येत असते, तुमच्या गाडीत जागा मिळते. अंधेरी, बोरिवलीकडच्यांनी दादरला उतरावं. दादरला सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्ही आहेत. डिसेंबर 2023 पासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक आहेत: 1 ते 7 वेस्टर्न, 8 ते 14 सेंट्रल. जुनी माणसं अजून जुने नंबर सांगतात, त्यावर न जाता पाटी वाचा.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. चवथ आटोपल्यावर आणि मे महिन्याच्या शेवटी गोव्याहून मुंबईच्या गाड्या लवकर भरतात. थिवी किंवा करमळीहून वेटिंग दिसलं तर मडगावहून तिकीट मिळतं का बघा, आणि 'बोर्डिंग' म्हणून थिवी नोंदवा. ते नोंदवलं नाही, तर मडगावला प्रवासी आला नाही म्हणून टीसी बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत बसता येत नाही.

राहण्याची खोली दुपारीच मिळणार असेल तर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. चेनला लावायचं साधं कुलूप घरूनच न्या.

लोकल

तिकीट खिडकीवर, मशीनवर किंवा रेल्वेच्या रेलवन ॲपवर मिळतं. ॲपवर काढायचं तर स्टेशनात शिरण्याआधी. फलाटावर पोचल्यावर ते तिकीट देत नाही. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं 5 रुपये, एसी लोकलचं 35. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. दिवसभर फिरायचं असेल तर खिडकीवर टुरिस्ट तिकीट मागा, ते एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं. साध्या तिकिटावर गडबडीत फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर किमान 250 रुपये दंड आणि वर भाडं. फर्स्ट क्लासच्या डब्यावर आणि फलाटाच्या खांबांवर रंगीत तिरपे पट्टे असतात, ते बघूनच उभे राहा. बायकांचे डबे वेगळे, तिथे पुरुषांनी चढायचं नाही.

फलाटावर टांगलेला इंडिकेटर चार गोष्टी सांगतो: गाडी शेवटी कुठे जाणार, किती वाजता, एस की एफ, आणि 12 डबे की 15. एस म्हणजे स्लो, सगळीकडे थांबणारी. एफ म्हणजे फास्ट, मधली स्टेशनं गाळणारी. घोटाळा होतो तो इथेच. पार्ल्याला (विलेपार्ले) उतरायचंय आणि दादरहून फास्ट पकडली, तर ती वांद्र्यानंतर थेट अंधेरीला थांबते. घाबरायचं कारण नाही. अंधेरीला उतरा, चर्चगेटकडे जाणारी स्लो पकडा, पुढचंच स्टेशन पार्लं. शंका असेल तेव्हा स्लो घ्या, दहा-पंधरा मिनिटं जास्त जातील इतकंच.

गाडी स्टेशनवर अर्धा मिनिटही थांबत नाही. म्हणून उतरण्याआधी दोन स्टेशनं दाराकडे सरकायला लागायचं आणि पुढच्याला विचारायचं, "अंधेरी उतरणार?" हो म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. नाही म्हणाला तर तो स्वतःच तुम्हाला पुढे जाऊ देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार, हेही त्यालाच विचारा. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, मोबाईल आतल्या खिशात. संध्याकाळच्या गर्दीत बोरिवलीला जायला विरार लोकल मात्र धरू नका. विरारची माणसं दारापर्यंत ठासून भरलेली असतात, मध्येच उतरणं जमत नाही आणि बोलणी बसतात ती वेगळी. बोरिवली लोकल घ्या.

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. सेंट्रल आणि हार्बरवर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार गाड्या कमी होतात किंवा मार्ग बदलतात. शनिवारीच मुंबईच्या वर्तमानपत्रात वेळ बघा. जुलैच्या मुसळधार पावसात कुर्ला, शीव (सायन) भागात रुळांवर पाणी साचतं, तेव्हा परतीच्या दिवशी दूरचं काम ठेवू नये.

मेट्रो, बस, टॅक्सी

ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो 3 पूर्ण सुरू आहे: 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं. गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक या ठिकाणी आता मेट्रोतून थेट उतरता येतं. विमानतळाची टी1 आणि टी2 दोन्ही टर्मिनल तिच्यावर आहेत, त्यामुळे मोपा किंवा दाबोळीहून विमानाने येणाऱ्यांनी आधी मेट्रोच बघावी. महालक्ष्मी मेट्रो स्टेशन मात्र देवळाच्या दारात नाही, तिथून टॅक्सी करावी लागते.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे, उपनगरांतच. दादर, परळ, गिरगावात रिक्षा शोधत उभे राहू नका, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. आपल्याकडे गोव्यात पायलटशी (मोटारसायकल टॅक्सीवाल्याशी) आधी भाव ठरवतात, इथे तसं करू नका. 'मीटर टाका' म्हणा. फेब्रुवारी 2025 पासून टॅक्सीचं किमान भाडं 31 रुपये, रिक्षाचं 26. मध्यरात्री ते पहाटे पाच दर सव्वापट. टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांना दादरहून टॅक्सी बरी. एकटे असाल तर सेंट्रलची स्लो लोकल घ्या, परळ पुढचंच स्टेशन. बेस्टची बस जवळच्या अंतराला स्वस्त पडते.

फिरायचे दिवस ठरवताना सुट्ट्या बघा: घारापुरी (एलिफंटा) आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. घारापुरीच्या बोटी गेटवेहून सुटतात, जायला तासभर लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बंद राहतात.

परतीचं तिकीट काढताना तारखेवर लक्ष द्या. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघते आणि पनवेलला बारा वाजून गेल्यावर येते. म्हणजे शनिवारी रात्री निघणाऱ्या गाडीत पनवेलला चढणाऱ्याच्या तिकिटावर रविवारची तारीख हवी. शनिवारचं काढलंत तर ती गाडी शुक्रवारी रात्रीची, आणि तुम्ही फलाटावर याल तेव्हा ती गोव्यात पोचून दिवस उलटलेला असेल.