घरगुती भूकंपमापक: लंबक पंधरा सेकंदांवर आणा आणि तिथेच थांबा

आधी ठरवा, टिपायचं काय आहे? कोयना किंवा पालघरचे छोटे धक्के हवे असतील तर ४.५ हर्ट्झचा तयार जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर विजेत बदलणारी छोटी डबी, घ्या. जवळच्या धक्क्याची थरथर सेकंदाला अनेक वेळा होते आणि तिच्यासाठी तो पुरतो. सुमात्रा-जपानकडच्या मोठ्या भूकंपांच्या पृष्ठलहरी, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटा, मात्र एका हेलकाव्याला वीसेक सेकंद घेतात. त्यांच्यासाठी आडवा लंबक लागतो. जगभरचे हौशी लोक त्याला ‘लेहमन’ म्हणतात.

त्यातलं तत्त्व फाटकाचं आहे. आडवा दांडा म्हणजे फाटक: त्याचं एक टोक उभ्या खांबाच्या खालच्या भागाला टेकतं (हा टेकू), आणि वजनाची बाजू खांबाच्या माथ्यावरून तारेने टांगलेली असते. वरची बिजागरी खालच्यापेक्षा किंचित पुढे असली, की ढकललेलं फाटक झुलत झुलत मधोमध येऊन थांबतं. ६० सेंमीचा साधा लंबक दीड सेकंदात एक आंदोलन पुरं करतो. त्याच लांबीचं फाटक नीट लावलं तर १५ सेकंद घेतं.

सामान असं: तळाला ८० × ३५ सेंमीचा जाड कडाप्पा. लाकूड नको, पावसाळ्यात फुगतं. ५० सेंमी उंचीचा लोखंडी अँगलचा खांब. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा. शेजारी चुंबकं येणार आहेत, म्हणून लोखंड चालणार नाही. दांड्यावर अडीच किलोचं शिशाचं किंवा पितळी वजन. टांगायला ०.३ ते ०.४ मिमीची पोलादी तार, गिटारची चालते. मासेमारीची नायलॉन दोरी घेऊ नका, ती आठवडाभर ताणत राहते आणि दांडा खाली येत जातो. तळाला ८ मिमीचे तीन स्क्रू, लॉकनटसह: दोन खांबाच्या बाजूला, एकमेकांपासून ३० सेंमीवर, आणि तिसरा त्यांच्यापासून ७५ सेंमी पुढे, वजनाच्या टोकाला.

खालच्या टेकूवर बरेच जण फसतात. अणकुचीदार खिळा खळग्यात बसवला की टोक बोथट होतं, खळगा खोल होतो आणि दांडा चिकटून चिकटून हलतो. त्याऐवजी दांड्याच्या टोकाला बेअरिंगचा ६ मिमीचा छर्रा अ‍ॅरल्डाइटने चिकटवा आणि तो खांबावरच्या सपाट कार्बाइड टिपवर, म्हणजे लेथच्या हत्याराच्या कठीण पात्यावर, टेकवा. लेथवाल्याकडे वापरलेली टिप सहज मिळते. छर्रा टिपवर लोळतो, घासत नाही. तारेचं वरचं टोक टेकूच्या वर ४५ सेंमीवर बांधा. दुसरं टोक वजन, दांडा, कॉइल असं सगळं मिळून जिथे तोल सांभाळतं, नेमकं तिथे. तार त्या बिंदूच्या पुढे बांधली तर छर्रा खाली सरकतो, मागे बांधली तर वर चढतो. छर्रा जागेवर राहत नसेल तर चूक जवळपास नेहमी इथेच असते.

आता कल. वरच्या गाठीतून ओळंबा सोडा. तो टेकूच्या ११ मिमी पुढे पडला की आंदोलन साधारण १० सेकंदांचं होतं, ५ मिमीवर आला की १५ सेकंदांच्या आसपास. सुरुवात दहावरच करा. मग पुढचा स्क्रू फिरवून ते टोक हळूहळू उचला. या स्क्रूचा एक फेरा म्हणजे १.२५ मिमी. दहावरून पंधरावर जायला आठ फेरे लागतात, पंधरावरून वीसवर जायला तीनच, आणि तिथून आणखी साडेतीन फेऱ्यांत फाटक सरळ एका कडेला कोसळतं. प्रत्येक बदलानंतर पाच आंदोलनं मोजून सरासरी काढा.

वीसचा मोह टाळा. कलाची संवेदना आंदोलनकाळाच्या वर्गात वाढते. मागचा एक स्क्रू फक्त दशांश फेरा फिरवला, तर दांडा १० सेकंदांवर १ सेंमी सरकतो, १५ वर २.३ सेंमी आणि २० वर ४ सेंमी. घराची जमीनही असाच कल देते. काळ्या मातीवरचं घर जूनच्या पहिल्या पावसात इतकं हलतं की दांडा एका कडेच्या अडणीला जाऊन टेकतो. अशा घरात १२ सेकंदांवर समाधान माना.

आंदोलन मारण्यासाठी वजनापुढे ३ मिमी जाड तांब्याचा पत्रा लावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, न टेकता, निओडिमियम चुंबकं तळावर बसवा. दांडा १० मिमी ओढून सोडा. तो परत येऊन पलीकडे अर्धा मिमी जाऊन थांबला तर उत्तम. तीन-चार झोके घेत असेल तर चुंबकं जवळ आणा. रेंगाळत येऊन थांबत असेल तर दूर करा.

दांड्याची हालचाल विजेत बदलायला चुंबकाजवळ हलणारी कॉइल लागते: ४० गेजच्या इनॅमल्ड तारेची, अडीच हजार वेढ्यांची. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. कॉइल दांड्यावर, चुंबक तळावर. उलट केलं तर आसपासचं लोखंड दांड्यालाच खेचतं. कॉइलच्या केसासारख्या तारा दांड्यावरून टेकूपर्यंत आणून तिथे सैल सोडा, ताणल्या तर त्या स्प्रिंगसारख्या वागतात. कॉइलचा क्षीण व्होल्टेज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला ओपी०७ ही चिप घ्या, ५०० पट वाढ द्या. एलएम३५८ स्वस्त आहे, पण त्याची मूळची चूक (संकेत नसतानाही दिसणारा व्होल्टेज) मिलिव्होल्टमध्ये असते आणि ५०० पट होऊन ती सगळी पट्टी खाते. पुढे ५ हर्ट्झच्या वरचं सगळं गाळणारा फिल्टर, मग व्होल्टेजचे आकडे करून संगणकाला देणारी एडीएस१११५. ही चिप ऋण व्होल्टेज घेत नाही, म्हणून शून्यरेषा २.५ व्होल्टवर उचलून ठेवा आणि चिपच्या आधी १० किलोओहमचा रोध टाका.

जागा तळमजल्यावरची, फरशी ठोकून पोकळ वाजत नाही अशा कोपऱ्यातली. यंत्रावर थर्माकोलचा डबा हवाच. आतली हवा गरम-थंड होऊन फिरू लागली की संगणकावरची नोंदीची रेष मिनिटागणिक भटकते. डब्यातली रिकामी जागाही थर्माकोलच्या तुकड्यांनी भरा आणि भोकं बुजवा, नाहीतर पहिला भूकंप बहुधा कोळ्याचा किंवा पालीचा असेल. डबा बंद केल्यावर दोन दिवस हात लावू नका, तोवर रेष सरकणारच.

शांत रात्री ५ ते ८ सेकंदांची बारीक लाट सतत दिसली तर यंत्र जागं आहे. ती समुद्राची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदींवरून हवामानशास्त्रज्ञ एस. के. बॅनर्जींनी मान्सूनच्या वादळांशी तिचा संबंध १९३० मध्येच मांडला होता. जून ते सप्टेंबर ती इतकी ठळक होते, की छोटे भूकंप तिच्यात बुडतात. रेष अगदी सरळ आली तर खूश होऊ नका, दांडा कुठेतरी टेकला आहे. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या आणि नोंदी यूटीसीत, जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा.