एलपी धुतल्या तरी चरचर जात नव्हती, वर रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ : माझा अनुभव

ठाण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या एलपींवर (गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांवर) पांढुरकी बुरशी धरली होती. नळाखाली धुतल्यावर दिसायला चकाचक, पण लॅपटॉपवर घेतल्या की चरचर तशीच आणि मागे सलग घूंऽऽ.

कार्बन फायबर ब्रश, नवी सुई, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (गायिका पाण्याखालून गातेय असं वाटलं), कशानेच फरक पडेना. डोकं पिकलं.

नळाचं पाणी वाळलं की त्यातले क्षार तबकडीच्या खाचांत राहतात. म्हणून नौपाड्यात बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं (नीट सांगून घ्या, नाहीतर अ‍ॅसिड देतील). अर्ध्या लिटरात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरायचं, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा अजिबात नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळायचं. ही पायरी टाळली तर सगळं फुकट. मायक्रोफायबरने टिपून तबकडी उभी वाळवायची.

घूंऽऽ गेलं ते टर्नटेबलची (तबकडी वाजवायच्या यंत्राची) बारीक अर्थ वायर फोनो प्रीअ‍ॅम्पच्या (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डबीच्या) ग्राउंड स्क्रूला घट्ट आवळल्यावर. उरलंसुरलं लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर.

रेकॉर्डिंग २४ बिट वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणारी), सर्वांत मोठा आवाज -६ डीबीच्या आत, म्हणजे तो फाटत नाही. मूळ फाइल जपून ठेवून तिच्या कॉपीवर फक्त ऑडॅसिटीतलं क्लिक रिमूव्हल (टकटक काढणारं), तेही हलकंच.

७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, लाख विरघळते.