बायकोचं नाव सातबाऱ्यावर कसं लावायचं, आणि ते का लावायलाच हवं

गावात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत राबतात. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागवड, सगळं त्याच करतात, पण 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायका जेमतेम 14 टक्के. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे कागदोपत्री ती शेतकरीच नाही, मग स्वतःच्या नावावर पीककर्ज नाही, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) नाही, ठिबकचं अनुदान नाही.

हे आपोआप झालेलं नाही हे आधी समजून घ्या. जुन्या हिंदू कायद्यात वडिलोपार्जित जमिनीवर जन्मतः हक्क मुलांचाच. 1956 च्या वारसा कायद्याने बायकांना वाटा दिला पण मुलगी मुलासारखी जन्मतः सहहिस्सेदार झाली नाही, ते महाराष्ट्रात 1994 ला झालं आणि त्यातही आधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या, मग 2005 ला केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क दिला. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडायला गेल्या आणि बऱ्याच जणींच्या हातात पहिल्यांदा स्वतःची मजुरी आली. पण मजुरी काम आहे तोवरच, जमीन तशी नाही. 1986 ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखो बायका आल्या होत्या, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली की नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करावी. कितीतरी गावांनी ते करून दाखवलं, मला तर वाटतं आपल्याकडचं बायकांसाठीचं सगळ्यात मोठं आर्थिक काम हेच. 1992 ला सरकारने त्याची योजना केली आणि आपल्याला वापरायची आहे ती हीच.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे ताजा सातबारा आणि 8अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा आणि जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा. नवऱ्याचं नाव असेल तरच लक्ष्मीमुक्तीतून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी वाटप करून घ्यावं लागेल, ते संमतीने होत असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करता येतो. मग नवऱ्याने स्वतः तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यायचा, सोबत सातबारा, 8अ, दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा किंवा रेशनकार्ड. मुद्रांक शुल्क नाही, दुय्यम निबंधकाकडे जायचं नाही. कोणी सांगितलं की खरेदीखतच करावं लागेल तर योजनेचं नाव घेऊन विचारा. जमिनीवर सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तिथे आधी बोलून घ्या.

अर्जाची पोच घ्या, हे विसरू नका. तलाठी फेरफार (म्हणजे हक्कातल्या बदलाच्या) नोंदवहीत नोंद घेतो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित झाली नाही तर सातबाऱ्यावर काहीच बदलत नाही, म्हणून फेरफार नंबर लिहून ठेवा आणि विचारत राहा.

आणि नाव कुठे लागलंय ते डोळे उघडून वाचा!! जुन्या सातबाऱ्यांवर विधवेचं आणि मुलींचं नाव सर्रास "इतर हक्क" रकान्यात टाकलेलं असतं आणि वर मोठ्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात हवं. तुमच्याकडे तसं असेल तर दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा.

नवरा वारला असेल तर ही योजना नाही, वारस नोंद करायची, मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांच्या आत कळवा. बायको, मुलं, मुली, सासू सगळ्यांचा सारखा वाटा असतो. दुःखाच्या दिवसांत सह्या मागितल्या जातात, हक्कसोडपत्र न वाचता सही करू नका, ताई, अंगठा तर नाहीच नाही. आणि माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीबद्दल, 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 2005 ला वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क आहे, फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर ते मोडत नाही.

एक गैरसमज, नाव लागलं की पीएम किसानचे पैसे दुप्पट होत नाहीत, तिथे नवरा बायको मिळून एकच कुटुंब धरतात. पण जमीन विकायला तिची सही लागते, आणि बँकेत ती खातेदार म्हणून उभी राहते.

नोंद प्रमाणित झाली की डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो, तो काढा, तिचा फार्मर आयडी करून घ्या आणि पुढच्या पीककर्जाच्या वेळी अर्ज तिच्या नावाने भरा.