पाण्याखालचे यान बांधताना या चुका टाळा

विहिरीतील पंपाची बैठक, धरणाच्या दरवाजाची खाच किंवा जेटीचे खांब पाहण्यासाठी स्वतःचे लहान आरओव्ही, म्हणजे केबलने जोडलेले दूरनियंत्रित यान, बांधणारे विद्यार्थी आणि हौशी कारागीर आता बरेच दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दुरुस्तीसाठी माझ्यापुढे येणाऱ्या यानांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात, आणि त्यांतील बहुतेक पाण्यात उतरण्याच्या घाईतून झालेल्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक, कॅमेरा आणि विजेचे भाग ठेवलेल्या बंद नळकांड्यात केबल शिरते त्या तोंडाशी होते. ओ-रिंगची, म्हणजे झाकणाशी पाणी अडवणाऱ्या रबरी कडीची, काळजी सगळेच घेतात, पण केबलच्या छिद्रात इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ, ओतली की काम झाले असे समजतात. ती इपॉक्सी केबलचे फक्त बाहेरचे आवरण धरून ठेवते. आवरणाच्या आत तारांमध्ये आणि तांब्याच्या बारीक धाग्यांमध्ये पोकळी असते, आणि आवरणाला कुठेही चीर गेली की त्या पोकळीतून पाणी थेट यानाच्या पोटात पोचते.

माझे दुसरे यान मी असेच गमावले. पोहण्याच्या तलावात ते दोन तास उत्तम चालले, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत चौदा मीटर खोल सोडले. अर्ध्या तासाच्या सुमारास चित्रावर आडव्या रेषा आल्या आणि पडदा काळा झाला. वर काढून उघडले तेव्हा आत अर्धा कप पाणी होते, पण दोन्ही ओ-रिंगा कोरड्या आणि निर्दोष होत्या. ती संध्याकाळ मी भिंगातून ओ-रिंगांच्या खाचा तपासण्यात घालवली. शेवटी केबलचे आतले टोक खाली धरले, तेव्हा तारांच्या मधून एक थेंब घरंगळला आणि त्यामागून दुसरा आला. यानापासून दोन मीटरवर, आदल्या दिवशी तलावात पंख्याचे पाते घासून, आवरणाला नखाएवढी चीर पडली होती. तिथून यानापर्यंतचे आवरण सोलले तर आतला कापसाचा दोरा चिंब भिजलेला होता आणि तांबे काळपट पडले होते. चौदा मीटरवर पाण्याचा जादा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो असतो, आणि त्या दाबाला एवढी वाट पुरेशी होती.

तेव्हापासून मी छिद्राच्या आत येणारे केबलचे आवरण दोन-तीन सेंटिमीटर काढून टाकतो, म्हणजे इपॉक्सी प्रत्येक तारेभोवती स्वतंत्रपणे बसते. शिवाय प्रत्येक तारेचे इन्सुलेशन थोड्या जागी सोलून उघडे धागे सोल्डरने पूर्ण भरतो, आणि या उघड्या जागा एकमेकींना लागणार नाहीत अशा मागेपुढे ठेवून इपॉक्सीत बुडवतो. आवरण आधी पॉलिश पेपरने खरवडतो. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी या कामासाठी वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याला चोवीस तास थांबवत नाही, त्याने त्या दिवशी दुसरे काम करावे.

त्या खाणीवर निर्वात चाचणीचा, म्हणजे यानातली हवा काढून गळती पाहण्याचा, हातपंप आमच्या पेटीतच होता, ही गोष्ट मला अजून लागते. चाचणी आदल्या आठवड्यात झाली होती, म्हणून मी ती पुन्हा केली नाही. चिरलेल्या केबलमधून हवा आत आली असती आणि पंपाच्या दाबमापकाचा काटा खाली उतरताना दिसला असता. आता प्रत्येक बुडीपूर्वी, यान केबलसह पूर्ण जोडलेले असताना, मी आतली हवा ३८० मिलिमीटर पाऱ्याइतकी काढतो आणि पंधरा मिनिटे वाट पाहतो. काटा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर यान पाण्यात जात नाही. अर्थात ही चाचणी जेमतेम पाच मीटर खोलीइतकाच दाब देते. त्यामुळे नवे नळकांडे आधी आत काहीही न ठेवता, दगड आणि दोर बांधून, ठरलेल्या खोलीपेक्षा थोडे अधिक खाली सोडून आणावे. ११० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर तीस मीटर खोलीत सुमारे २८५ किलोचा भार येतो, हे झाकण निवडतानाच लक्षात ठेवावे.

दुसरी चूक विजेची आहे, आणि तिचा दोष नेहमी प्रोग्रामवर ढकलला जातो. यान स्थिर असताना कॅमेरा नीट चालतो, पण पुढे जाण्याची कळ दाबताच कंट्रोलर, म्हणजे यान चालवणारा छोटा संगणक, बंद पडून पुन्हा सुरू होतो. मुले आठ-आठ दिवस कोड तपासत बसतात आणि केबलचा हिशेब कोणी मांडत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे बारा ओहम रोध असतो. तीस मीटर केबलमध्ये वीज जाऊन येऊन साठ मीटर प्रवास करते, म्हणजे रोध सुमारे ०.७ ओहम झाला. काठावरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर ओढले तर ७ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि यानाला पाचच उरतात. तीच १२० वॅट शक्ती ४८ व्होल्टवर पाठवली तर प्रवाह अडीच अँपिअरच्या आसपास राहतो आणि घट दोन व्होल्टच्या आत येते. तेव्हा एकतर ४८ व्होल्ट पाठवून यानात व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर बसवावा किंवा बॅटरीच यानात ठेवावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा मात्र केबलमधून कधीही पाण्यात नेऊ नये, कारण पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा त्यात जीव जाईल.

बिनतारी रिमोटचा हट्ट सोडावा, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात.

यान केबलला धरून वर ओढू नये. ताण घेणारा वेगळा दोर थेट सांगाड्याला बांधावा. १९९५ साली चॅलेंजर डीपमध्ये, म्हणजे पॅसिफिक महासागरातील सर्वांत खोल जागी, १०,९११ मीटर खोल उतरलेले जपानचे काइको हे आरओव्ही २००३ साली केबल तुटल्यानेच हरवले.

तरंगण्यासाठी थर्माकोल लावू नये, कारण खोल पाण्यात ते आक्रसते आणि यान जड होत जाते. वजने तळाशी आणि तरंगणारा भाग वर असावा. गोड्या पाण्यात तोललेले यान मालवणच्या समुद्रात नेले तर दहा लिटर आकारमानामागे सुमारे अडीचशे ग्रॅम वजन वाढवावे लागते, म्हणून शिशाचे तुकडे सोबत ठेवावेत. समुद्रातून काढलेले यान त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून धुवावे.

आंबट वासाचे सिलिकॉन सीलंट बाहेरून फासण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. ते गळती थांबवत नाही, फक्त लपवते, आणि त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते.

शेवटी, आत पाणी शिरलेले यान वर येताच घाईने उघडू नये. खोलीत दाबाखाली शिरलेल्या पाण्याने आतली हवा आवळलेली असते, आणि लिथियम बॅटरी भिजली असेल तर तिच्यातूनही वायू सुटत असतो. अशा वेळी झाकण जोराने उडू शकते. मी यान वाळूवर ठेवतो, झाकणाचा रोख माणसांपासून दूर वळवतो आणि हवा सोडण्याचा स्क्रू पाव-पाव फेरा ढिला करत फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहतो. त्यानंतरच झाकणाला हात लावतो.