फ्रेंच येतंय? मग कॅनडाचं हे दार ठोठावून बघा

शाळेत मार्कांसाठी फ्रेंच घेतलं आणि पुढे बी-१ या मधल्या पातळीपर्यंत रेटलं, अशी मंडळी पुण्या-मुंबईत कमी नाहीत. त्यांनी कॅनडाची ‘फ्रँकोफोन मोबिलिटी’ ही वर्क परमिटची वाट जरूर तपासून बघावी. क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतात ती चालत नाही. नोकरी बाकीच्या कॅनडात हवी, म्हणजे न्यू ब्रन्सविकचं मॉन्कटन किंवा ऑन्टारियोचं सडबरी चालेल. गंमत म्हणजे कामावर फ्रेंच बोलावं लागेलच असं नाही.

मोठा फायदा मालकाचा. स्थानिक माणूस मिळाला नाही हे सिद्ध करणारी सरकारी मंजुरी, म्हणजे एलएमआयए, त्याला लागत नाही. तो सरकारी पोर्टलवर ऑफर भरतो, २३० कॅनेडियन डॉलर फी भरतो आणि तुम्हाला ‘ए’ने सुरू होणारा ऑफर नंबर पाठवतो. एलएमआयएतून सुटीचा कोड सी-१६. बऱ्याच छोट्या मालकांना हे ठाऊकच नसतं, म्हणून अर्जाच्या ईमेलमध्ये दोन ओळींत तुम्हीच सांगा.

जून २०२३पासून ऐकणं आणि बोलणं एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) ५ असलं तरी पुरतं. टीसीएफ कॅनडा या फ्रेंच परीक्षेत म्हणजे ऐकण्यात किमान ३६९, बोलण्यात ६. शेतीतली प्राथमिक कामं सोडून बहुतेक नोकऱ्या बसतात.

पुढे पीआर (कायमचं वास्तव्य) हवा असेल तर एक्सप्रेस एन्ट्री या पीआरच्या अर्जपद्धतीतल्या फ्रेंच गटाला चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ लागतं. तिथे डेल्फ या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र चालत नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच परीक्षा द्यावी लागते. निकाल दोनच वर्षं टिकतो, तेव्हा परीक्षेची घाई नको.