ई६ : एकाच चालीसोबत पंचवीस वर्षं

मी बुद्धिबळाची पहिली मोठी स्पर्धा खेळले तेव्हा बारा वर्षांची होते आणि तिसऱ्या राऊंडला माझा वजीर नवव्या चालीत गेला. मे महिना, आणि नागपूरचा मे म्हणजे वेगळं सांगायला नकोच, हॉलमध्ये दोन मोठे कूलर घरघर करत होते तरी घामाने स्कोअरशीट हाताला चिकटत होती. मी काळी मोहरी. समोरच्या मुलाने ई४ केलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मी ई६ केलं, म्हणजे माझं तेच प्यादं एकच घर. या सुरुवातीला फ्रेंच डिफेन्स म्हणतात, क्लासच्या सरांनी तेवढंच शिकवलं होतं. मग डी४, डी५, त्याने ई५ करून प्यादं पुढे ढकललं, मी सी५, त्याने सी३चा आधार दिला, माझा घोडा सी६ला, त्याचा एफ३ला, माझा वजीर बी६ला, म्हणजे सगळा रोख त्याच्या डी४च्या प्याद्यावर. त्याने उंट डी३ला आणला. मी सी५च्या प्याद्याने डी४वर मारलं, त्याने सीच्या प्याद्याने परत मारलं आणि मला दिसलं की डी४चं प्यादं तर फुकट आहे, दोघं मारणारे आणि वाचवणारा एकच घोडा. मारलं. घोड्याने घोडा गेला, मी वजिराने तो घेतला, आणि त्याने शांतपणे डी३चा उंट उचलून बी५ला ठेवला. शह. उंट हटला तशी मागची फाइल, म्हणजे घरांची उभी रांग, उघडली आणि त्याचा वजीर थेट माझ्या वजिरावर. शह आधी वाचवावा लागतो, वजीर गेला.

बाबा बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसले होते, त्यांनी तोंडाकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेल्यावर मी सरांना म्हटलं की मला ही ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची ही पद्धत, नको, मला ई५ शिकवा नाहीतर सिसिलियन (ई४ला सी५चं उत्तर), सगळे तेच खेळतात. सरांनी पट लावला, सातव्या चालीपर्यंत आणला आणि थांबले. म्हणाले, "चाल नाही चुकली बाई, क्रम चुकला. आधी उंट डी७ला ठेव, मग बघ ते प्यादं." उंट एक घर सरकला की बी५चा तो शह उरतच नाही आणि मग डी४च्या प्याद्यावरचा धाक खरा होतो. ज्या सी८च्या उंटाला सगळे फ्रेंचमधला वाईट उंट म्हणतात, स्वतःच्याच ई६च्या प्याद्यामागे कोंडलेला, तोच इथे वजीर वाचवतो. सर म्हणाले दोन वर्षं ई६ सोडायची नाही, मग बोलू. ते बोलणं काही झालं नाही, पंचवीस वर्षं झाली, ई४ला मी अजूनही ई६च खेळते.

सरांनीच मला वोल्फगांग उलमानचे गेम दिले होते, झेरॉक्सचा गठ्ठा. नवीन मुलांना हे नाव माहीत नसतं म्हणून सांगते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा माणूस, जन्म १९३५, वडिलांनी अकराव्या वर्षी खेळ शिकवला, लहानपणी टीबीने गाठलं होतं, शिक्षण घेतलं छपाईच्या कामाचं आणि झाला ग्रँडमास्टर, १९५९ साली. पूर्व जर्मनीचा ११ वेळा चॅम्पियन. आणि जवळपास सगळ्या करिअरमध्ये ई४ला त्याचं उत्तर एकच, ई६. म्हणजे समोरचा घरून तयारी करून येणार हे त्याला माहीत, समोरच्यालाही माहीत की हा काय खेळणार, तरी खेळायचा. १९६०मध्ये ब्युनोस आयर्सला त्याने अमेरिकेच्या बॉबी फिशरला, जो पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला, काळ्याने हरवलं, फ्रेंचनेच, आणि फिशर तर स्वतः ई४चा एवढा कट्टर माणूस. १९७१ला उलमान कँडिडेट्समध्ये, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशी कोण खेळणार हे ठरवणाऱ्या सामन्यांत, पोचला, तिथे डेन्मार्कच्या लार्सनकडून साडेपाच-साडेतीनने हरला. वर्ल्ड चॅम्पियन कधी झाला नाही, पण सत्तरी ओलांडल्यावरही पटावर बसत होता, २०२०मध्ये गेला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, त्या गठ्ठ्यातले गेम मी इतक्यांदा लावलेत की काही ठिकाणी पुढची चाल हातालाच आठवते.

आता मी शिकवते तेव्हा नवीन मुलं आणि त्यांचे आईबाबा विचारतात की एकच चाल धरून फायदा काय. फायदा हा की तुम्ही चाली पाठ करणं थांबवता आणि पोझिशन ओळखायला लागता. फ्रेंचमध्ये पांढऱ्याची डी४-ई५ अशी प्याद्यांची साखळी असते, तिच्या मुळावर म्हणजे डी४वर सी५ने घाव घालायचा, मग वेळ आली की एफ६ने टोकावर, मधल्या काळात तो कोंडलेला उंट कुठून बाहेर काढायचा, बी६-ए६ करून बदलायचा की डी७वरून ई८ आणि मग एच५ असा फिरवायचा, एच७वर उंटाचा बळी येऊ शकतो म्हणून कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) कधी टाळायचं. हे चार-पाच प्रश्न शंभर गेममध्ये पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त कळतं. दर तीन महिन्यांनी ओपनिंग बदलणाऱ्या मुलाला पहिल्या दहा चाली पाठ असतात, अकराव्या चालीला तो छताकडे बघतो.

हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः एकदा सोडली होती. बारावीनंतर एका सिलेक्शनच्या आधी कोणीतरी डोक्यात भरवलं की फ्रेंचने ड्रॉच होतात, एक्स्चेंज व्हेरिएशन (मधली प्यादी लगेच मारून बदलायची लाइन) आलं की प्यादी सारखी, गेम मेला. मी आठ महिने सिसिलियन खेळले, थिअरी भरपूर वाचली, आणि चांगल्या पोझिशनमधून हरत गेले कारण त्या पोझिशनमध्ये काय दुखतं ते अंगात मुरलेलंच नव्हतं. सिलेक्शन गेलं. परत आले तेव्हा एक्स्चेंजवर बसून काम केलं, तिथेही पांढऱ्याच्या उलट बाजूला कॅसलिंग करून लढता येतं हे तेव्हा कळलं, आधी मी बघितलंच नव्हतं.

पण धरून ठेवणं म्हणजे डोळे मिटून तेच तेच खेळणं नाही हो. ई६ तीच, आतल्या लाइन, म्हणजे पुढच्या चालींचे फाटे, बदलतात, बदलल्याच पाहिजेत, इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) एखादी लाइन फोडतं मग तुम्ही दुसरी शोधता. फिशरचंच बघा, आयुष्यभर ई४, आणि १९७२ला रेक्याविकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये स्पास्कीसमोर सहाव्या गेमला सी४ केलं आणि असा खेळला की स्पास्कीने स्वतः टाळ्या वाजवल्या. ती चाल त्याने कंटाळून बदलली नव्हती, इतकी वर्षं एकाच गोष्टीत मुरल्यावर बदलली होती.

आईबाबांसाठी एक हिशेब, कारण ओपनिंग बदला हा फोन बहुतेक वेळा मुलाचा नसतो, त्यांचा असतो. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, ती खेळाडूच्या ताकदीचा आकडा म्हणजे रेटिंग ठरवते, आणि एका गेमने ते किती हलतं ते के-फॅक्टरवर ठरतं. अठराच्या खालच्या मुलांना २३०० रेटिंगपर्यंत हा के-फॅक्टर ४० असतो. म्हणजे बरोबरीच्या खेळाडूशी एक गेम हरला की २० पॉइंट जातात, एका वीकेंडला तीन हरला की ६०. हा आकडा बघून घरात सुतक पाळू नका आणि ओपनिंगला तर मुळीच दोष देऊ नका, पुढच्या स्पर्धेत तसेच परत येतात. पहिलं रेटिंग लागायला रेटेड खेळाडूंशी किमान ५ गेम लागतात आणि आता यादीच १४००पासून सुरू होते, त्यामुळे पहिलं वर्षभर नाव यादीत आलं नाही तरी काही बिघडत नाही.

करिअरचं खरं खरं सांगते. आपल्या नागपूरने रौनक साधवानी दिला, २०१९ला तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर, मग संकल्प गुप्ता, आणि २०२५च्या जुलैत दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला, त्यावरच तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. त्या रात्री मी रडले, लपवत नाही. पण ग्रँडमास्टरचा नेहमीचा रस्ता तीन नॉर्म (स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंगचा आहे, आयएमला म्हणजे इंटरनॅशनल मास्टरला २४००, आणि तिथे पोचणारे मोजके. बाकीच्यांसाठीही या खेळात पोट भरायच्या वाटा आहेत, मी स्वतः ट्रेनर झाले, फिडेचं सेमिनार केलं, काही मैत्रिणी आर्बिटर म्हणजे पंच झाल्या. मात्र हे दहावीला ठरवू नका. आधी पाच-सहा वर्षं मनापासून खेळा, शाळा सोडून नाही.

सुरुवात कशी करायची तर एक वही घ्या, मोबाइल नाही, वही. डाव्या पानावर चाल लिहायची, उजव्या पानावर का ते स्वतःच्या मराठीत. ज्या ओपनिंगवर मन बसेल तिच्या एका जुन्या खेळाडूचे तीस-चाळीस गेम खऱ्या पटावर लावा, पुढची चाल झाकून ठेवा आणि आधी आपली लिहा. हरलेला प्रत्येक गेम त्याच रात्री लिहून काढा, कुठे चुकलं ते आधी स्वतः शोधा आणि मगच इंजिन लावा, नाहीतर उत्तर कळतं पण आपली चूक कळत नाही.

माझी पहिली वही अजून आहे, पहिल्याच पानावर सातव्या चालीला लाल पेनने उंट डी७ असं लिहिलंय, सरांच्या अक्षरात. नवीन बॅच आली की मी पटावर तीच पोझिशन लावते आणि विचारते, काळ्याची चाल आहे, काय खेळाल. बहुतेक जण प्यादं मारतात. मग मी डी३चा उंट उचलते.